काठावरचा हात

रविवारची जेवणं आटोपली होती. सासूबाई डोळ्यांवर ओला रुमाल टाकून आडव्या झाल्या होत्या. ती जरा पाठ टेकणार, तोच नवऱ्याचा फोन आला. तो परगावी एका परिसंवादाला गेला होता, आणि जाताना नेहमीप्रमाणे निम्म्या गोष्टी विसरला होता.

"अगं, एक काम होतं. प्रयोगशाळेत जाऊन मला एक फिल्म पाठवतेस का? उद्या सकाळी माझं भाषण आहे, आणि मी पहिल्या प्रयोगाचीच घेऊन आलोय."

"म्हणजे दुसऱ्याची हवी?"

"हो. माझ्या कंप्युटरवर समोरच आहे. पाच मिनिटांचं काम."

नवऱ्याची पाच मिनिटं किती लांब असतात हे संसार केलेल्या बायकांना सांगायला नको. ती कुरकुरत उठली, किल्ल्या घेतल्या आणि निघाली.

दोघंही एकाच संस्थेत होती. ती वरच्या मजल्यावर वाऱ्याचा अभ्यास करायची, तो तळघरात पाण्याचा. कॉलेजात असल्यापासून गोल फिरणाऱ्या पाण्याच्या मागे लागल्यामुळे त्याला सगळे भोवरा म्हणत. आता तर विभागप्रमुख बाईसुद्धा भर बैठकीत "भोवऱ्याचं काय म्हणणं आहे?" असं विचारायच्या, आणि त्यालाही त्यात वावगं वाटत नसे. माणूस तसा गोड होता. थोडा थापाड्या, पण निरुपद्रवी. अंघोळीला बसलेला असताना फोनवर "निघालोच" म्हणून सांगणाऱ्यांपैकी.

तळघरातली ती खोली आतून काळ्या रंगाने रंगवलेली होती. मधोमध एक जड गोल टेबल, मोटरवर सावकाश फिरणारं. टेबलावर काचेची गोल टाकी. टाकीची बाहेरची भिंत कोमट ठेवायची, मधला नळा बर्फासारखा गार, आणि दोन्हींच्या मधल्या पाण्यात चकाकणारी बारीक पूड टाकायची. टेबल फिरू लागलं की पाणी मधल्या नळ्याभोवती वळणं घ्यायचं आणि फुलाच्या पाकळ्यांसारख्या लाटा उमटायच्या. वेग वाढवला की पाकळ्या बिथरायच्या. एकीने दुसरीला गिळायचं, तिसरी फाटायची, आणि मग काय होईल ते कुणालाच सांगता यायचं नाही. पृथ्वीवरचं हवामान असंच वागतं म्हणून तर हा खटाटोप.

या कामाचे रिवाजही होते. चपला दाराबाहेर काढायच्या, कारण पावलांच्या धक्क्यानेही पाणी बिघडतं. टेबलाला हात लावायचा नाही. आणि टाकी भरली की दिवसभर तिच्याकडे फिरकायचं नाही. ओतताना पाण्याला जे काही हिसके बसलेले असतात ते त्याला विसरू द्यायचे. "पाणी विसरलं का?" असं एकमेकांना विचारायची तिथे पद्धतच होती. नव्या माणसाला हसू यायचं, महिन्याभरात तोही तेच विचारू लागायचा.

तिने कंप्युटर लावला. दोन फिल्मा होत्या, पहिल्या प्रयोगाची आणि दुसऱ्या प्रयोगाची. नेमकी कुठली पाठवायची याची खात्री करावी म्हणून तिने दोन्ही शेजारीशेजारी उघडल्या आणि एकदम सुरू केल्या.

पाकळ्या उमटल्या. बिथरल्या. डावीकडच्या फिल्ममधली एक पाकळी फाटली, उजवीकडच्या फिल्ममधलीही तशीच फाटली. तिला वाटलं, चुकून एकच फिल्म दोनदा उघडली. नावं पाहिली, तारखा पाहिल्या. वेगळ्या होत्या, दोन महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या. पुन्हा सुरुवातीपासून लावल्या. दोन्हीकडे तीच पाकळी, तशीच, तेव्हाच फाटली.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आता, यात घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. प्रयोग दोनदा केला, दोनदा सारखा आला, चांगलंच झालं की! पण हे बिथरलेलं पाणी त्यातलं नव्हे. सुरुवातीला केसाएवढा फरक पडला तरी थोड्या वेळाने त्याची वाट पार वेगळी होते, आणि केसाएवढा फरक तर पडतोच पडतो. दोन प्रयोगांची जातकुळी सारखी असावी, चेहरा नव्हे. चेहरा हुबेहूब सारखा आला तर समजायचं, दुसरा प्रयोग झालेलाच नाही. कुणीतरी पहिलीच फिल्म दुसरं नाव देऊन ठेवली आहे.

'भोवरा असं करणार नाही,' ती स्वतःशी म्हणाली. आणि लगेच तिला वाटलं, करेल. कंटाळा आला तर करेल.

तिने पुन्हा पाहिलं. फिल्मच्या मध्यावर एक धक्का होता. टाकीच्या काठावर शून्याची लाल खूण होती, नेमकं तिच्यापाशी पाणी आत दाबल्यासारखं झालं होतं आणि शेजारची पाकळी कोलमडली होती. कुणीतरी काठावर हात टेकल्यासारखं. याचंच कोपर लागलं असणार, धांदरट मेला, असं म्हणून ती सोडून देणार होती. पण तो दाब लगेच सुटला नाही. टेबलाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत लाल खुणेपाशीच होता.

टेबलावरचा कॅमेरा टाकीबरोबरच फिरतो. त्यामुळे चित्रात टाकी स्थिर दिसते. प्रत्यक्षात ती फिरत असते. खोलीत उभ्या असलेल्या माणसाने काठावर हात टेकला तर काठ त्याच्या हाताखालून सरकत जाईल आणि लाल खूण पुढे निघून जाईल. दोन फेऱ्या एकाच ठिकाणी हात ठेवायचा तर माणसाला टेबलाबरोबर गोल गोल चालावं लागेल. असं कोण चालतं?

मग तिच्या लक्षात आलं. असा धक्का खुर्चीवर बसलेल्या माणसालाच सुचेल. ज्याच्यासमोर टाकी नाही, फक्त टाकीचं गणित आहे. त्या गणितात टाकी स्थिर धरलेली असते, आणि टेबल फिरतं हे माणूस क्षणभर विसरतो. म्हणजे दुसरी फिल्म तर खोटी होतीच, पण पहिलीही पाण्याची नव्हती. ती कंप्युटरवर बनवलेली होती, आणि खरी वाटावी म्हणून कुणीतरी तिच्यात एक चूक पेरली होती.

तिने फिल्म पाठवून दिली. काय करणार, दुसरं काही सुचलंच नाही. "मिळाली, थँक्यू गं," असा त्याचा निरोप आला, वर हसरा चेहरा.

घरी आली तेव्हा सासूबाई उठून बसल्या होत्या. चहा करताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तुम्ही दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होतात, तो वार कुठला हो?"

"मंगळवार. माझा उपवासच झाला त्या दिवशी. सकाळी गेलो ते दिवेलागणीला परतलो. डॉक्टर मेला जेवायला गेला तो गेलाच." सासूबाईंनी कप घेतला. "बिचारा दिवसभर माझ्याजवळ बसून होता. का गं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्या बाईच्या चहात साखर पडत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि कप तिच्यापुढे सरकवला. खरंच पडली नव्हती. आणि दुसऱ्या फिल्मवर त्याच मंगळवारची तारीख होती.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. येत्या आठवड्यात भोवऱ्याची नोकरी कायम होणार होती, ती याच दोन फिल्मांच्या जोरावर. शोधनिबंधावर तिचंही नाव होतं. प्रकरण बाहेर आलं असतं तर दोघांनाही तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण खरं सांगायचं तर तिला नोकरीपेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं. हा माणूस रोज रात्री तिच्या शेजारी झोपला, प्रयोग कसा छान झाला ते तिला रंगवून सांगितलं, आणि तिने कौतुकाने ऐकून घेतलं. मग आणखी काय काय ऐकून घेतलं असेल? एकदा संशय शिरला की तो जुन्या दिवसांतही मागे मागे जाऊन बसतो.

पहाटे तिने ठरवलं. तो यायला अजून तीन दिवस होते. आपणच प्रयोग करायचा, खरा. जी काही खरी फिल्म निघेल ती गुपचूप खोटीच्या जागी ठेवून द्यायची. निकाल बिघडला तर बिघडला, निदान तो पाण्याचा असेल. नवऱ्याचं खोटं झाकायचं आणि आपणही खोटं बोलायचं नाही, असा हा दुहेरी हिशोब होता. चांगली माणसं असेच हिशोब करतात आणि मग फसतात.

सोमवारी तिने टाकी रिकामी केली, घासली, नवीन पाणी भरलं आणि दार लावून घेतलं. पाण्याला विसरू दिलं. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, वर सगळं ऑफिस गजबजलेलं असताना, ती चपला काढून आत गेली.

खोलीत ओल्या धातूचा वास होता. दिव्याची एकच पट्टी टाकीवर आडवी पडली होती, बाकी सगळा काळोख. टेबलाभोवती रबराची मॅट अंथरलेली होती, पावलं वाजू नयेत म्हणून. तिने मोटर सुरू केली. टेबल हळूहळू फिरू लागलं, आणि बराच वेळ नुसती मोटरची घरघर ऐकत ती स्टुलावर बसून राहिली. मग तिने वेग वाढवला, लॅपटॉपवर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि त्याच स्क्रीनवर शेजारी भोवऱ्याची फिल्म लावली. दोन्हींत किती फरक पडतो ते पाहावं म्हणून.

पाकळ्या उमटल्या. इथपर्यंत सारखं असणारच होतं. बिथरल्या. आता वाटा वेगळ्या होणार, म्हणून ती पुढे वाकली.

झाल्या नाहीत.

तिने डोळे चोळले. भोवऱ्याच्या फिल्ममध्ये ती पाकळी फाटली. शेजारी, कॅमेऱ्याच्या चित्रात, टाकीतल्या खऱ्या पाण्यातही तीच पाकळी तशीच फाटली. एकीने दुसरीला गिळलं. इथेही गिळलं. कुणीतरी दाखवून द्यावं आणि पाण्याने निमूट गिरवावं तसं ते चाललं होतं.

'मी काहीतरी चुकले,' ती मनाशी म्हणाली. 'कॅमेऱ्याऐवजी त्याचीच फिल्म दोन्हीकडे लागली असणार.' म्हणून तिने मान वळवून थेट टाकीत पाहिलं. चकाकणारी पूड तिच्या डोळ्यांदेखत तशीच वळत होती.

आता तो धक्का जवळ आला होता. काही झालं तरी आपला स्पर्श नको, म्हणून ती स्टुलावरून उठली, मागे मागे सरकत भिंतीपर्यंत गेली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. टाकीजवळ कुणी नव्हतं. दार आतून बंद होतं.

तेवढ्यात मॅटवर आवाज झाला.

अनवाणी पाऊल रबरावरून उचलताना होतो तसा, चिकट, बारीकसा. मग दुसरा. मग तिसरा. घाई नव्हती. आवाज टेबलाच्या पलीकडून निघाला, डावीकडे आला, तिच्या अगदी समोरून गेला आणि उजवीकडे वळला. दिव्याच्या पट्टीत काहीच दिसलं नाही. पाऊल मात्र वाजत राहिलं, नेमकं टेबलाच्या चालीने, लाल खुणेच्या बरोबरीने. कुणीतरी टेबलाबरोबर चालत होतं.

"कोण...?" तिने विचारलं. 

टेबलाचं बेअरिंग किर्र वाजलं. माणसाने काठावर भार टाकला की ते तसं वाजायचं, इथल्या सगळ्यांच्या ओळखीचा आवाज होता तो. लाल खुणेपाशी पाणी आत दबलं. शेजारची पाकळी कोलमडली. एक फेरी झाली. दुसरी झाली. पावलं तिच्यासमोरून दोनदा गेली, आणि मग बेअरिंगचा आवाज थांबला. पावलं पण थांबली. कुठे थांबली ते तिला कळलं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

तिने भिंत चाचपत जाऊन मोटरचा प्लग ओढला, लॅपटॉप छातीशी धरला आणि चपला हातात घेऊन जिन्यापर्यंत पळत गेली.

भोवरा बुधवारी रात्री आला. भाषण छान झालं होतं. जेवताना त्याने आईला दोन-तीन गमती सांगितल्या, आईने हसून पाणी सांडलं. सासूबाई झोपायला गेल्यावर तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि दोन्ही फिल्मा त्याच्यासमोर लावल्या.

"खालच्या आवाजात बोल," ती म्हणाली. "आई जाग्या आहेत. आणि खरं बोल."

त्याने फिल्मा थांबवल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पाणी ऐकतच नव्हतं गं," तो म्हणाला. "माझ्या गणिताप्रमाणे त्या पाकळीनं तिथे फाटायला हवं होतं. कितीदा केलं, दर वेळी दुसरंच काहीतरी. गणित बरोबर आहे, मला आतून माहीत होतं. मग म्हटलं, पाण्यानं जे करायला हवं ते आपणच करून ठेवू. खरं नंतर कधीतरी निघेलच."

"आणि तो धक्का?"

"खऱ्या प्रयोगात काहीतरी चुकतंच ना. अगदीच स्वच्छ दिसायला लागलं, म्हणून घातला."

"दोन फेऱ्या? एकाच जागी?"

त्याने फिल्म पुन्हा धक्क्यापाशी नेली. मग त्याने कपाळावर हात मारला. "टेबल फिरतं," तो पुटपुटला. "अरे देवा. टेबल फिरतं, नाही का!"

तिला हसू आलं असतं, पण आलं नाही. तिने तिसरी फिल्म लावली, मंगळवारची, आपली. त्याने ती शेवटपर्यंत पाहिली. मग त्याने तिचा हात हातात घेतला आणि त्याचे डोळे भरून आले.

"तू... माझ्यासाठी कॉपी केलीस? कशाला गं? आधीच दोन खोट्या आहेत."

"मी प्रयोग केला."

"बरं."

"बरं काय? मी प्रयोग केला! टाकी घासली, पाणी भरलं, विसरू दिलं, चालवलं. तू जे बनवलंस ते पाण्यानं केलं. तो धक्कासुद्धा. कुणीतरी... टेबलाबरोबर चालत आलं."

"हे बघ, मी चिडणार नाही. पण माझ्याशी तरी खरं बोल," भोवरा म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, आणि त्याही किती प्रेमाने!

आता दोघंही एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. याला एकच उपाय होता. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून टाकी भरली, आणि शुक्रवारी सकाळी दोघं मिळून आत गेली. तिने एक भिंत धरली, त्याने समोरची. ठरलं असं की पाण्याकडे पाहायचं नाही, एकमेकांच्या हातांकडे पाहायचं. मधे टेबल फिरत राहिलं.

पाकळ्या बिथरल्या तशी त्याच्या तोंडावरची चेष्टा गेली. स्क्रीनकडे चोरून पाहत तो म्हणाला, "शक्य नाही." मग पुन्हा, हळूच, "शक्य नाही..." 

मॅटवर पाऊल वाजलं.

तिने डोळे गच्च मिटले आणि लगेच उघडले, कारण मिटल्यावर आवाज आणखी जवळ आला. पावलं तिच्यासमोरून गेली आणि त्याच्याकडे वळली. आता हा किंचाळणार, आता हा पळणार, म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पळाला नाही. त्याने मनगट वर केलं होतं आणि दिव्याच्या उजेडात तो घड्याळ पाहत होता. ओठ हलत होते. बेअरिंग किर्र वाजलं तेव्हा त्याने मान डोलावली.

"बरोबर वेळेवर," तो म्हणाला.

ती कठडा धरून एकेक पायरी चढत उजेडात आली. तो मात्र दोन-दोन पायऱ्या चढत वर आला होता. चेहरा नुकतीच परीक्षा पास झालेल्या पोरासारखा.

"दोन वेळा!" तो म्हणाला. "अगं, हे जमून आलंय म्हणायला वाव नाही. मी म्हणालो होतो ना, खरं नंतर निघेल? आता खोटं कुठे राहिलं?"

"ते कोण होतं?"

"कोण?"

"चालत होतं ते."

"कोण का असेना," भोवरा म्हणाला. "मी लिहिलं तसं चाललं ना?"

तिने शोधनिबंधावरून आपलं नाव काढून घेतलं. माझा वाटा तो कितीसा, असं ती सगळ्यांना सांगत राहिली, आणि बायका किती मोठ्या मनाच्या असतात असं म्हणून प्रमुख बाईंनी तिचं कौतुक केलं. तिला ते कौतुक गिळवलं नाही, पण ती मूग गिळून बसली. सांगणार काय? नवऱ्याने थाप मारली आणि ती खरी झाली? भोवऱ्याची नोकरी कायम झाली. त्या रात्री तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि आईची शपथ घालून वचन घेतलं, यापुढे खोटं बोलायचं नाही. लहानसुद्धा नाही. "निघालो" म्हणायचं नाही, निघाला नसशील तर. तो हसला, पण वचन दिलं.

महिना दीड महिना बरा गेला. तळघरात ती पुन्हा पाऊल टाकत नव्हती. रात्री मधूनच जाग आली तर ती त्याच्या श्वासाकडे कान देऊन पडून राहायची, आणि सकाळी त्याच्याकडे पाहून तिला स्वतःचीच लाज वाटायची. माणूस तोच होता, गोड, धांदरट. बायकोचा चहाचा कप स्वतः विसळून ठेवणारा.

परवाच्या रविवारी संध्याकाळी ती भाजी निवडत होती. आत टीव्हीवर काहीतरी विनोदी चाललं होतं आणि सासूबाई जोरजोरात हसत होत्या. नवीन चष्मा लागल्यापासून त्या टीव्हीसमोरून हलत नव्हत्या. भोवऱ्याचा फोन वाजला. प्रमुख बाई होत्या, रात्री जेवायला बोलावत होत्या. त्याने तिच्याकडे पाहून तोंड वाकडं केलं. जायचा कंटाळा आला होता त्याला.

"आज नाही हो जमणार मॅडम," तो म्हणाला. "आईला अचानक बरं वाटेनासं झालंय."

तिच्या हातातली सुरी खाली पडली.

"नाही, नाही, तसं गंभीर नाही. बघतो, लागलं तर डॉक्टरांना बोलावतो. हो. हो. सांगतो." त्याने फोन बंद केला.

"काय बोललास हे?" ती म्हणाली. "काय बोललास तू? पुन्हा फोन कर. सांग त्यांना, आत्ताच्या आत्ता सांग, आई ठणठणीत आहेत म्हणून..."

"अगं, एवढंसं तर..."

आत टीव्हीवरची माणसं हसतच होती. सासूबाईंचं हसणं मात्र थांबलं होतं. किती वेळापासून, ते तिला आठवेना.

"सूनबाई..." आतून आवाज आला. थकलेला, हळू. "जरा इकडे येतेस का गं? मला कसंतरीच होतंय."

ती धावली. भाजीची परात लवंडली, तिच्यावरून पाय सरकला, दाराची चौकट धरून तिने तोल सावरला आणि त्याला हाक मारायला मागे वळून पाहिलं.

तो जागचा हलला नव्हता. आईच्या खोलीकडे त्याचं लक्षही नव्हतं. त्याने मनगट वर केलं होतं आणि तो घड्याळ पाहत होता.